सणसरची रात्र

आमच्या घरात ‘ती वारी’ असे म्हटले की कोणती, हे कोणी विचारत नाही. आम्ही बारामतीचे. तुकोबारायांची पालखी दरवर्षी आमच्या गावी मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर काटेवाडीपर्यंत चालत जाणे हा घरातला रिवाजच आहे. पण देहूपासून पंढरपूरपर्यंत सारे घर मिळून चाललो ते एकदाच, २०१२ साली. सासूबाई, माझे यजमान, मी, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. त्या वर्षीची आषाढी एकादशी ३० जूनला होती. म्हणजे प्रस्थान जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच. उन्हाळा सरलेला नव्हता आणि पावसाने पुढे सारा हंगाम ओढ दिली.

लहान मुलांना घेऊन इतक्या लांबच्या वाटेला जावे का, असे पुष्कळ तरुण आईबाप मला विचारतात. मी त्यांना पायांविषयी सांगते, पाण्याविषयी सांगते, झोपेविषयी सांगते. एक गोष्ट मात्र आजवर कोणालाच सांगितली नव्हती. या लेखात ती आल्याशिवाय राहणार नाही, म्हणून आरंभीच कबूल केलेले बरे.

जाण्याचा आग्रह सासूबाईंचा. त्यांच्या तोवर बावीस वाऱ्या झाल्या होत्या. “गुडघे ऐकतायत तवर नातवंडांना एकदा वाट दाखवते,” एवढेच त्या म्हणाल्या आणि यजमानांनी लगेच मान डोलावली. मी अडून बसले होते. शाळा पंधरा जूनला उघडणार, वह्या-पुस्तके अजून आलेली नाहीत, आणि सहा वर्षांच्या पोराने दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालायचे म्हणजे काय? सासूबाईंनी त्यावर वाद घातला नाही. दिंडीचा ट्रक असतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. तंबू, भांडी, शिधा आणि थकलेली माणसे घेऊन तो पुढच्या मुक्कामाला जातो. मुलाने पहाटे निघाल्यापासून पहिल्या विसाव्यापर्यंत चालायचे आणि संध्याकाळी शेवटचा तासभर. मधल्या वेळात तो आजीबरोबर ट्रकमध्ये. मुलीने आपल्या मर्जीने चालायचे. हा करार झाला आणि मी रजेचे अर्ज लिहिले.

पायांचे सांगते, कारण पहिल्या चार दिवसांत वारी म्हणजे पायच असतात. मुलांना हौसेने नवे बूट घेतले होते. आकुर्डीच्या मुक्कामाला पोचेपर्यंत मुलीच्या दोन्ही टाचांना फोड आले. तिथून पुढे पंढरपूरपर्यंत तिने जुन्या, पायाला सरावलेल्या सँडल आणि सुती मोजे घातले आणि नवे बूट ट्रकमध्ये पोत्यावर पडून राहिले. फोड आला तर फोडू नये, वरची कातडी ओढून काढू नये, धुऊन कोरडा करून त्यावर स्वच्छ पट्टी बांधावी. कातडी हेच त्याचे सर्वांत चांगले झाकण. सासूबाईंचा जुना उपाय सुईने दोरा ओवण्याचा होता. त्यावरून आमची थोडी कुरबुर झाली. पण रोज रात्री त्या दोन्ही मुलांचे पाय कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळव्यांना तिळाचे तेल चोळीत. त्या चोळण्यातच मुले झोपी जात. तसे पाय चोळणे मला अजूनही जमलेले नाही.

पुण्यातले दोन मुक्काम, लोणी काळभोर, यवत, वरवंड हे दिवस झरझर गेले. रोटी घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तो चढ मुलगी टाळ वाजवीत चढली. मुलाला हरिपाठापेक्षा ट्रकच्या चालकाशी जास्त सूत जमले. टँकरवर पाणी भरायला ओळ लागे, त्या ओळीत कोण कोणाच्या मागे आहे याचा हिशेब तो चोख ठेवी. आणि आठ-नऊ दिवसांनी आम्ही पालखीबरोबर आमच्याच गावी पाहुण्यासारखे आलो.

पालखी शारदा प्रांगणात विसावली. आम्ही रात्रीपुरते आपल्या घरी गेलो. स्वतःच्या न्हाणीघरात अंघोळ, स्वतःच्या पंख्याखाली गादी. सासूबाई मात्र दिंडीबरोबर तंबूतच राहिल्या. वारीला निघाल्यावर मधेच घरी जाऊन निजणे त्यांच्या मनाला पटले नाही. यजमान दमून झोपले. मुलीने उशीत डोके खुपसले. मुलगा तेवढा जागा होता. बाहेर गावभर जत्रा पेटलेली. तो माझे बोट धरून म्हणाला, “आई, फक्त बघून येऊ.”

बघायला म्हणून गेलो आणि एका गाडीवर मी त्याला बर्फाचा गोळा घेऊन दिला. काला खट्टा. त्या पंधरवड्यात मीच सर्वांना बजावून सांगितले होते की रस्त्यावरचा बर्फ, उसाचा रस, कापून ठेवलेले कलिंगड यांतले काहीही मुलांना द्यायचे नाही. दिंडीतल्या एका मावशींनी प्रेमाने दिलेला रसाचा पेला मी मुलाच्या हातातून काढून घेतला होता, त्यांना वाईट वाटले तरी. आणि त्या रात्री मीच. आपले गाव, आपली गल्ली, इथे काय होणार, असे काहीसे मनात आले असावे. त्याने गोळा चोखताना डोळे मिटून घेतले होते. “आजीला सांगू नकोस हं,” असे मी हसत म्हटले. शर्टाच्या कॉलरवर जांभळा डाग पडला.

सकाळी पिंपळी, लिमटेक करीत पालखी निघाली. पहिल्या विसाव्यापर्यंत मुलगा नीट चालला. मग ठरल्याप्रमाणे आजीबरोबर ट्रकमध्ये बसून पुढे सणसरला गेला. आम्ही तिघे काटेवाडीला थांबलो. तिथे पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. शेकडो मेंढ्या रथाभोवती धावत सुटतात तेव्हा धुळीचा एक लोट उठतो आणि त्यातून फक्त घंटांचा आवाज येतो. मुलगी बापाच्या खांद्यावर बसून ओरडत होती. त्या वेळी माझ्या पिशवीतल्या मोबाइलवर सासूबाईंनी कोणाच्या तरी फोनवरून चार वेळा संपर्क करून पाहिला होता. इतकी माणसे एका जागी आली की फोन असून नसल्यासारखाच असतो.

सणसरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. ट्रकच्या सावलीत पोत्यावर मुलगा पडलेला होता. दुपारपासून आठ-दहा जुलाब आणि दोनदा उलटी झाली होती. सासूबाई पदराने त्याला वारा घालीत होत्या. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मी हाक मारली तेव्हा त्याने तोंड वेडेवाकडे केले, रडला, पण डोळ्यांतून पाणी आले नाही. त्या कोरड्या रडण्याइतके भयंकर मी आयुष्यात दुसरे काही पाहिलेले नाही.

“पाणी किती दिलंत, आत्या?”

“पाजलं की लगेच भायेर पडतंय. म्हणून थांबिवलं. बिनदुधाचा च्या दिला दोन घोट.”

त्या काळातल्या कितीतरी घरांत हीच समजूत होती, आजही आहे: जुलाब लागले की पाणी तोडायचे म्हणजे पोट आपोआप थांबते. पोट थांबत नाही. शरीरातले पाणी आणि क्षार जात राहतात आणि भरपाई मात्र बंद होते. मुलाचे वजन ते किती. मोठ्या माणसाला जे दिवसभर निभते ते त्याला काही तासांत जिवावर बेतते.

पालखीबरोबरच्या सरकारी आरोग्य पथकाचा तंबू दोनशे पावलांवर होता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती झटकन सपाट न होता हळूच मागे गेली. शेवटची लघवी कधी झाली, असे त्यांनी विचारले. आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता येईना. सलाइन लावावे लागेल का, असे यजमानांनी घाबरत विचारले. मुलगा शुद्धीवर आहे, तोंडाने घेऊ शकतो, तर आधी तोंडानेच देऊ, पण चार तास माझ्या नजरेसमोर ठेवायचा, असे ते म्हणाले. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी सांगितले, “आजी, हिशेब सोपा आहे. जेवढं गेलं तेवढं भरायचं.” त्यांच्या आवाजात दोष देण्याचा भाव नव्हता. तरी सासूबाईंचा चेहरा उतरला तो उतरलाच.

एक पुडी, एक लिटर उकळून गार केलेले पाणी. पेल्याने नाही, चमच्याने. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सावकाश सुरू करायचे. पुडी नसती तर त्याच पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालायचे. चमचा सपाटच हवा, मीठ जास्त झाले तर ते औषध राहत नाही. सोबत झिंकच्या गोळ्या दिल्या, जुलाब थांबले तरी चौदा दिवस चालू ठेवायच्या. आणि भूक लागली तर मऊ भात, वरण द्यायचे. उपाशी ठेवायचे नाही.

त्या पुडीमागची हकिगत मला पुष्कळ वर्षांनी कळली. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. सीमेवरच्या बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा त्यांनी साखर-मिठाचे द्रावण पिंपांत भरून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते चार टक्क्यांच्याही खाली आले. साखर आतड्यातून आत जाताना मिठाला आणि मिठामागोमाग पाण्याला ओढून नेते, एवढेच ते रहस्य. हे करायला शिकलेली परिचारिकाच लागते असे नाही. आईच्या, आजीच्या हातात चमचा पुरतो.

चार तासांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासले आणि रात्रभर चमचा थांबवू नका, असे बजावून जायला सांगितले. त्या रात्री चमचा सासूबाईंच्या हातात होता. सणसरमधल्या एका घराने आम्हाला त्यांची ओसरी दिली. नाव-गाव न विचारता घरातल्या आजींनी गोधडी अंथरली आणि चुलीवर पाणी उकळायला ठेवले. मी घड्याळ बघून वेळ सांगत होते, सासूबाई चमचा भरत होत्या. एक थेंब सांडला नाही. मधूनमधून त्या स्वतःशीच म्हणत, “त्या पिंपातलं पाणी माझ्याच हातानं पाजलं म्या. ट्रकातलं. माझ्याच हातानं.” ट्रकमधल्या पिंपात टँकरचे पाणी होते आणि सारी दिंडी तेच पीत होती.

मी गप्प राहिले. पहिल्यांदा मुलाच्या काळजीने गप्प राहिले, हे खरे आहे. पण पुढे पहाट झाली, साडेतीनच्या सुमारास मुलाला लघवी झाली, सासूबाईंना हुंदका आवरेना, यजमानांनी देवाचे नाव घेतले. तेव्हा माझी काळजी पुष्कळ उतरली होती आणि तरीही मी बोलले नाही.

दोन दिवस आम्ही त्याच ओसरीवर काढले. पालखी पुढे गेली, बेलवडीचे अश्वांचे रिंगण चुकले. तिसऱ्या दिवशी एसटीने इंदापूर गाठले. लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे खिडकीतून मागे पडली. रस्त्याच्या आसपास नीरेच्या डाव्या कालव्याने पोसलेला ऊस. परत फिरावे असे यजमानांचे मत होते. मुलानेच हट्ट धरला, त्याला घोडा पाहायचा होता. इंदापूरच्या रिंगणात त्याने तो पाहिला, घोड्याच्या टापेखालची माती कपाळाला लावली आणि दुपारी दोन वाट्या दहीभात खाल्ला.

इंदापूरहून पुढे करार बदलला. मुलगा ट्रकमध्ये बसे, पण आता त्याच्याबरोबर मी बसू लागले. मी तसे बोलून दाखवले नाही. सकाळी सासूबाई ट्रकच्या फळीला हात लावून चढू लागल्या, तेव्हा मी आधीच वर बसलेली होते आणि मुलगा माझ्या मांडीवर होता. त्यांनी एकदा पाहिले, फळीवरचा हात काढला आणि पदर खोचून चालू लागल्या. सराटीपर्यंत चालल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. नीरा नदीत तुकोबांच्या पादुकांना स्नान घालतात, त्या गर्दीत त्या काठावर एकट्याच बसलेल्या मला दिसल्या. मी जवळ गेले नाही.

पंढरपूरला आम्ही सारेच पोचलो. कळसाचे दर्शन झाले.

त्यानंतर सासूबाईंनी वारी सोडली. गुडघ्यांचे कारण सांगत. पुढच्या वर्षीपासून पालखी बारामतीला आली की त्या दाराशी मोठे पिंप भरून ठेवीत. पाणी आधी उकळीत, मग गार करून त्यात क्लोरीनचे थेंब मोजून टाकीत, आणि येणाऱ्या प्रत्येक लेकुरवाळीला हटकून सांगत, “पोराला लागलं तर पाणी तोडू नका बरं का. माझ्याकडून चूक झाली व्हती.” हे त्या माझ्यासमोर सांगत. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्यातल्या दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, त्या गेल्या.

गेल्या दिवाळीत दोन्ही मुले घरी होती. मुलगी परिचर्येच्या शेवटच्या वर्षाला आहे. फराळाच्या वेळी तिने तिच्या वाचनातली एक हकिगत सांगितली. इंग्लंडमधले रॉबर्टसन नावाचे शेतकरी कुटुंब शेती विकून मुलांसह शिडाच्या नौकेने जगप्रवासाला निघाले होते. जून १९७२ मध्ये पॅसिफिक महासागरात देवमाशांच्या धडकेने त्यांची नौका बुडाली. अकरा-बारा वर्षांचे जुळे मुलगे, त्यांचा थोरला भाऊ, आईबाप आणि सोबतचा एक तरुण अशी सहा माणसे आधी रबरी तराफ्यावर आणि मग छोट्याशा होडक्यात अडतीस दिवस तग धरून राहिली. शेवटी एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. आई पूर्वी परिचारिका होती. होडक्याच्या तळाशी साचलेले पावसाचे पाणी कासवाच्या रक्ताने इतके घाण झाले होते की तोंडाने पिणे अशक्य होते. तिने ते एनिमाने पोटात सोडले, कारण आतडे पाणी शोषून घेते.

“आणि आपण सणसरला चमच्यानं भरलं,” मुलगी म्हणाली. “आजीनं.”

“मला त्यातलं काहीच आठवत नाही,” मुलगा चिवडा खात म्हणाला. “घोडा आठवतो. आणि आदल्या रात्रीचा काला खट्टा. आई, तू म्हणाली होतीस, आजीला सांगू नकोस. मी नाही सांगितलं कधी.”

यजमानांनी हातातला कप खाली ठेवला. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मग तिने तिच्या सवयीने सारे मोजून पाहिले: रात्री आठ-साडेआठचा गोळा, दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालेले जुलाब. जंतूंना काही तास लागतात, काहींना दोन-तीन दिवसही. गोळा असू शकतो, पिंपातले पाणी असू शकते, त्याच्या आधीच्या दोन मुक्कामांतले काहीही असू शकते. दिंडीत आणखी कोणाला त्रास झाला होता का? नव्हता, निदान मला ठाऊक नव्हता. “मग ठरवता येणार नाही,” ती म्हणाली. तिने हे मला धीर देण्यासाठी म्हटले की नुसते खरे म्हणून, ते कळले नाही. पाणी तोडले ही चूक आजीची होतीच, पण ती आजार झाल्यानंतरची. आजार कशाने झाला, ते ओझे वेगळे होते आणि ते त्यांनी एकट्यांनी नऊ वर्षे वाहिले.

तो शर्ट सासूबाईंनीच धुतला होता. सणसरच्या त्या घरच्या दगडावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. कॉलरवरचा जांभळा डाग पुरता गेला नव्हता. पंढरपूरला तो शर्ट पुन्हा मुलाच्या अंगात होता तेव्हा मी पाहिला. त्यांनीही पाहिला असेल. त्या कधी काही बोलल्या नाहीत.

मुले उठून गेल्यावर मी ह्यांना सारे नीट सांगितले. गोळ्याचे, ओसरीवरचे, ट्रकच्या फळीचे. त्यांनी मधे बोलून मला थांबवले नाही. बराच वेळ झाला, तेव्हा म्हणाले, “आईला सांगायला हवं होतंस.”

यंदा पालखी आली त्या दिवशी पिंप त्यांनीच धुतले. पाणी मी उकळले. दारातून जाणाऱ्या एका तरुण बाईच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल होते, तिने बाटली पुढे केली. मी ती भरून दिली आणि सोबत दोन पुड्या दिल्या. कशासाठी, असे तिने विचारले. सांगायला सुरुवात केली तर सासूबाईंचेच वाक्य माझ्या तोंडी आले, पाणी तोडू नका. पुढचे वाक्यही त्यांचेच होते, फक्त ते म्हणताना मी माझ्याविषयी बोलत होते.